रेघ एकही हलली नव्हती

सन्माननीय अध्यक्ष, आमच्या कारखान्याचे व्यवस्थापक बिंदुमाधव साहेब. मंडळाचे कार्यवाह नरसिंहराव. सत्कारमूर्ती जयसिंगराव अण्णा, त्यांच्या पत्नी रत्नाबाई अक्का, आणि या कानडी मुलखात राजाजीनगरची धूळ तुडवत इथवर आलेल्या बंधुभगिनींनो,

कारखान्यातला निरोप परवाच झाला. इंग्रजीत होता, त्यामुळे लवकर आटोपला. मराठीत माणसाला निरोप द्यायला थोडा वेळ लागतो. तेवढा मला द्यावा.

अण्णा आमच्या नकाशाघराचे राखणदार. यंत्राच्या प्रत्येक भागाचा मूळ नकाशा त्यांच्या कपाटात, आणि त्याच्या निळ्या प्रती वर्कशॉपात. नकाशात एखादी रेघ बदलली की कोपऱ्यातलं अक्षर पुढं सरकतं, 'ए'चं 'बी' होतं. मग जुन्या प्रती परत आणि जुन्या अक्षराचा माल बाद. शहाणा नियम आहे, शहाण्यांच्या हातात असेपर्यंत.

गेल्या वर्षी मुख्य कचेरीचा हुकूम आला: नकाशा कोणी नुसता पाहायचा आणि कोणी त्यावर लेखणी टेकवायची, याचे शिक्के प्रत्येक मूळ नकाशावर मारा. उत्तम! पण पुढचं कलम असं, की मूळ नकाशावर काहीही नवं उमटलं तर तो बदलच समजावा. अण्णा बिंदुमाधव साहेबांकडे गेले. म्हणाले, "साहेब, दाराला नवं कुलूप लावलं म्हणून घर नवं होत नाही."

साहेब म्हणाले, "जयसिंगराव, घर कंपनीचं आहे."

अध्यक्ष हसताहेत. म्हणजे आठवतंय त्यांना.

शिक्के पडले. सगळी अक्षरं पुढं सरकली. रेघ एकही हलली नव्हती.

मग आमचा फोरमन शिवाप्पा, निपाणीकडचा गडी, नकाशाघराच्या खिडकीशी आला. "काय ओ अण्णा, काल पास झालेली दातेरी चाकं आज नापास कशी? चाकं तरी बघा की!"

"चाकं चांगलीच आहेत रे. अक्षर पुढं गेलंय."

"मग घ्या की मागं स्वल्प, थोडंसं!"

"पुढं न्यायची परवानगी मला आहे, शिवाप्पा. मागं आणायची कुणालाच नाही."

"सरी," म्हणाला तो, म्हणजे कानडीत 'बरं'. चांगली चाकं भट्टीत वितळली.

चौकशी झाली. शिक्क्यांखाली सही कोणाची? अण्णांची. दुसऱ्या कोणाला सही करायची मुभाच नव्हती! मग प्रकृतीच्या कारणास्तव ते निवृत्त होत असल्याचं आम्हाला कळवण्यात आलं. प्रकृती? गेल्या रविवारी इथल्या लालबागेतल्या उंच खडकावर हा माणूस माझ्या आधी चढला आणि वरून मला हात दिला.

नोकरी गेली, तिचं आता बोलायचं नाही. पण 'चाकं जयसिंगरावानं बुडवली' असं आपल्याच आळीत बोललं जातं. अक्कांनी हळदीकुंकवाला जाणं सोडलंय. त्यांना एकच वाक्य ऐकायचं आहे: चूक अण्णांची नव्हती. मी ते म्हटलं तर लोक म्हणतील, हा नकाशे काढणारा माणूस, मित्राची बाजू घेतोय. अध्यक्षांनी म्हटलं तर आळी ऐकेल.

मंडळाचे, आणि आपण इतकं निमूट ऐकलंत म्हणून आपलेही आभार. कुठं बोलणं बोचलं असेल तर दोष माझ्या जिभेचा. तो पोटात घालावा. आता अध्यक्ष बोलतील. त्यांचं भाषण टाइप होऊन, मंजूर होऊन मुख्य कचेरीतून आलं आहे. मघाशी चहा घेताना मी त्यांना विनवलं, एवढं एक वाक्य त्यात घाला. साहेबांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "मला फक्त वाचायची परवानगी आहे."