नरम स्प्रिंग

ओहायोतल्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या लॉरेलला पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"काडतुसंच भिकार आहेत. बुडाला नुसता खळगा पडतो, बार उडत नाही," म्हातारी म्हणाली.

"बाई, पिस्तुलाचा चाप हलका करून घेतलात का?" दुकानदाराने विचारलं.

"छे, मी कशाला?"

"मी केला, व्हर्ना. नरम स्प्रिंग घातली."

"मला न विचारता?"

"तुझी बोटं सुजतात. विचारलं असतं, तर 'कुठे सुजतात?' म्हणाली असतीस."

"स्प्रिंग नरम, म्हणून काडतुसावर ठोका हलका बसतोय," दुकानदार म्हणाला. " जुनी घालतो, पण चाप पुन्हा जड होईल."

"नको, शनिवारी नेमबाजीची स्पर्धा आहे हिची."

"घाला हो जुनी. आणि डेल्बर्ट, शनिवारी माझ्या जागी तूच उभा राहा. मला आताशा बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही."