मामाला काय सांगायचं?

चीनमधल्या माओश्यान गावाहून वरच्या खोऱ्यात जाणाऱ्या बसमध्ये तिथलेच म्हातारे कथेकरी लुंग डोळे मिटून आणि कान उघडे ठेवून बसले होते. पुढच्या बाकावर खालच्या खोऱ्यातला एक बाप आणि त्याची लेक होती.

"बाबा, आई गेली म्हटल्यावर मामा पहिलं विचारेल, शेवटचं काय बोलली?"

"विचारणारच. त्यानं हो म्हटल्याशिवाय शवपेटीवर झाकण पडत नाही."

"मग काय सांगायचं?"

"ती बोलली माहेरच्या, वरच्या खोऱ्याच्या भाषेत. मला कुठे कळते?"

"विद्यापीठातले तर म्हणतात, दोन्ही खोऱ्यांची भाषा एकच, छ्यांग."

"त्यांना म्हणावं, संसार करून बघा! आपली भाषा सुरात चढते, उतरते. तिची म्हणजे तोंडात खडे. तीन-तीन आवाज एका घासात, आणि शब्दाचं शेपूट नुसत्या श्वासात."

"मग तुम्ही दोघं कसे बोलायचात?"

"चिनीत. बाजारात बोलतात तसं, जन्मभर."

"शिकला का नाहीत?"

"हसायचो गं मी. मग तिनं घरात ती भाषा काढलीच नाही."

लेक मागे वळली. "आजोबा, तुम्ही वरचे ना? जरा ऐकता? बाबा, म्हणा ते आईचं शेवटचं."

बापानं वाक्य म्हटलं. त्यातले खडे विरघळले होते, श्वास गळला होता, वर खालच्या खोऱ्याचा सूर चढला होता. लुंगना एकही शब्द लागला नाही. पण गोष्ट सांगताना अडणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"विचारत होती," ते म्हणाले, "तुम्ही जेवलात का?"

बाप खिडकीकडे वळला.

"आणि मी तिला पाणी पाजलं."