गुलाबी खुणेच्या कड्या

आमच्या विल्सनच्या कड्यांचा घोळ तुम्हाला सांगितला नाही ना? ऐंशीच्या सुमाराला आम्ही गिरीज गावची पोरं रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून तुंगारेश्वरला कातळ चढायला जायचो. दोर अडकवायच्या कड्या सगळ्यांच्या सारख्याच दिसायच्या, म्हणून विल्सनने आपल्या कड्यांना गुलाबी नेलपॉलिश लावलं होतं.

एकदा मनवेलपाड्याचा सुरेश आमच्याबरोबर आला. खाली उतरून सामान वाटायला बसलो, तर त्याच्याही कड्यांवर तसाच गुलाबी ठिपका!

"ह्या माझ्या," विल्सन म्हणाला.

"नाय रे, माझ्या. खूण बघ ना."

"खूण तर माझीच आहे! बहिणीच्या बाटलीतलं नेलपॉलिश लावलंय मी. तू कुठून आणलंस?"

सुरेशचे कान लाल झाले.

"अरे, बोल की!"

"फिलूनेच लावून दिलं," तो पुटपुटला.

फिलू म्हणजे विल्सनची तीच बहीण. विल्सन बराच वेळ हातातली कडी उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, "सगळ्या कड्या घेऊन जा. पण आज संध्याकाळी घरी येऊन डॅडींशी बोलायचं."

सुरेशने वर कातळाकडे पाहिलं.

"विल्या, दोर धर," तो म्हणाला. "मी परत वर जातो."