जागच्या न हलणाऱ्या पट्ट्या

तैवानमधल्या शिंचू शहरात न्याहारीच्या दुकानापुढे ल्याव सर मास्क लावून रांगेत उभे होते. पुढच्या दोघी त्यांच्याच संगणकाच्या ऑनलाइन वर्गातल्या निघाल्या.

“सरांच्या साइटवर त्या रंगीत पट्ट्या उड्या मारत कशा उंचीप्रमाणे क्रमाने लागतात ना! बघतच राहावंसं वाटतं.”

“मग परीक्षेत नापास कशी झालीस गं?”

“कागदावरच्या पट्ट्या जागच्या हलेचनात!”

“अगं, त्या तुलाच हलवायच्या होत्या.”

“मला काय माहीत? साइटवर बटण दाबलं की आपोआप लागतात. तोवर माझी अंड्याची पोळी खाऊन होते.”

“सांग की सरांना.”

“वेडी का? किती खपून केलंय बिचाऱ्यांनी!”

सर न्याहारी न घेताच घरी परतले आणि त्यांनी आधी ते बटण काढून टाकलं. आता बोटाने ओढल्याशिवाय एकही पट्टी हलणार नव्हती.