कोटाला डोळे नसतात

गस : नाही पर्सी, ठरलं म्हणजे ठरलं. ही दुनळी बंदूक तुमच्या दुकानात ठेवून घ्या आणि मला ती एकावर एक नळ्यांची द्या. जावयाकडे आहे तसली.

पर्सी : बेडोसाहेब, तसल्या बंदुकीला तुम्ही कुंपणाचा खांब म्हणता. याच जागी उभं राहून म्हणालात.

गस : उद्या विसबरीच्या संघाशी नेमबाजीचा सामना आहे. हवेत उडवलेल्या मातीच्या निम्म्या तबकड्या फोडल्या नाहीत तर मी संघाबाहेर. कप्तान म्हणतो, मग सँडविचची टोपली भरून आणायचं काम तुझं.

आयव्ही : गेल्या वर्षी विसातली एक फोडलीस. तीही दगडावर पडून फुटली म्हणतात.

गस : वारा होता!

आयव्ही : त्याआधी काडतुसं ओली होती. त्याच्या आधी कुत्रा भुंकला. पर्सी, ही बंदूक माझ्या बाबांनी आमच्या लग्नात दिलीय. विकली तर मला फार वाईट वाटेल, हे तीन दिवस सांगतेय मी. बायकोचं ऐकलं तर नवरा कसला!

पर्सी : बघू इकडे. बिजागरीवर मधोमध मोडून, उघडूनच द्या... हं. दोन्ही नळ्या रिकाम्या.

गस : या मोडणाऱ्या बंदुकांवर माझ्या पणजोबांचा कधी विश्वासच नव्हता. नळीच्या तोंडातून दारू ठासायचे शेवटपर्यंत. म्हणायचे, मधून मोडते ती एक दिवस तोंडावर फुटणार.

पर्सी : फ्रेंचांनी ती आणली तेव्हा आपले इंग्रज कारागीरही असंच नाक मुरडत होते. मग गुपचूप तीच बनवायला लागले. पुढे काडतुसावर आपटणारे बाहेरचे घोडे बंदुकीच्या पोटात गेले, रिकामी काडतुसं आपोआप बाहेर उडायला लागली. नळ्या शेजारी-शेजारी ठेवा, एकावर एक ठेवा, नाहीतर एकच ठेवा, बिजागरी तीच. नेम बसतो तो खांद्याला टेकणाऱ्या या लाकडी दस्त्यामुळे. आणि हा दस्ता... डावीकडे का वळलाय?

गस : वळलाय?

पर्सी : डावखुऱ्या माणसासाठी वळवतात तसा. शिवाय तोकडा. तुम्हाला तर खुर्चीतून न उठता दार लावता येईल, एवढे लांब हात! थांबा, आमच्या बाबांची मापांची वही बघतो.

(कपाट उघडल्याचा, पानं चाळल्याचा आवाज.)

पर्सी : हे बघा. 'बेडो. दस्ता पावणेचौदा इंच. डावा खांदा, डावा डोळा. गाल नाजूक.'

गस : गाल नाजूक? अहो, मी माप पाठवलं होतं! मेंढ्या वीत होत्या, पाय काढता येईना, म्हणून आयव्हीबरोबर माझा कोट पाठवला.

पर्सी : कोट?

गस : शिंपी नाही का कोटावरून कोट शिवत?

आयव्ही : यांच्या बाबांनी तो खुंटीला टांगला. म्हणाले, "कोटाला डोळे नसतात. तुम्ही उभ्या राहा." मला वाटलं, नुसता अंदाज घेतायत.

पर्सी : बाबा समोर उभा असेल त्याचंच माप घ्यायचे.

गस : म्हणजे सव्वीस वर्षं मी बायकोच्या मापाची... वारा नव्हताच तर!

पर्सी : दस्ता गरम तेलानं वाकवता येईल. पण आठ दिवस लागतील. बाई, ही पुन्हा बघा, रिकामीच आहे ना? आता खांद्याला लावा आणि माझ्या या डोळ्यावर रोखा. अरे देवा!

गस : काय झालं?

पर्सी : नेम थेट बुबुळावर! न शिकता?

आयव्ही : शिकले थोडंफार. परवाना दर पाच वर्षांनी नवा करते. त्या कोल्ह्यानंतर काढला.

पर्सी : कोंबड्या नेणारा? तो तर साहेबांनी मारला ना?

आयव्ही : साहेब तेव्हा अंघोळ करत होते.

गस : आयव्ही! ते आपल्या दोघांतलं होतं.

आयव्ही : अकरा वर्षं ठेवलंच की दोघांत. पबमध्ये ती गोष्ट सांगताना तू इतका खूश दिसायचास, मला मधे बोलवेना.

पर्सी : साहेब? मग ती एकावर एकवाली काढू?

गस : राहू द्या भिंतीवर. ही आयव्हीकडे द्या. उद्या माझ्या जागी ती उभी राहील. कप्तानाला मी सांगतो.

आयव्ही : काय सांगशील?

गस : सगळं. कोल्ह्याचंही.

आयव्ही : गस...

गस : एक सांग. उद्या तुझ्या सँडविचला मोहरीची चटणी लावू ना?