आधी सांगायचं वाक्य

डोळ्यांत थेंब घालून दवाखान्यात मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या बाईंच्या कानावर शेजारी बसलेल्या सासू-सुनेचं बोलणं पडत होतं.

"उद्या छापायचा लेख ना? वाच की."

"‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अंतर्गत प्रक्रियांची अपारदर्शकता...’"

"अगं, पेपर वाचणाऱ्यांशी बोलतेस की कोर्टाशी?"

"म्हणजे आई, ही यंत्रं आत काय ठरवतात, ते बनवणाऱ्यांनाही पुरतं कळत नाही. तरी ती आणखी हुशार करणं चाललंय."

"बनवणाऱ्यांनाही? मग लेखात हेच आधी का नाही सांगत?"

"संपादक म्हणतात, लोक घाबरतील."

"घाबरतील, मग विचारतील. लाव त्यांना फोन."

"आत्ता? तुमचा नंबर आलाय."

"डॉक्टर थांबतील. लाव."

"...नमस्कार सर. लेखाचं पहिलं वाक्य बदलतेय. नाही, विचारत नाहीये. सांगतेय."