बोटाची पट्टी

डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक बाई आणि तिच्या नवऱ्याचा मित्र बोलत होते. नवरा आत होता.

"वहिनी, वीस वर्षं त्याच्या बेस गिटारला मी ड्रमची साथ देतोय. बोटांऐवजी प्लास्टिकच्या चकतीने, पिकने, तारा छेडणाऱ्यांना तो काय म्हणायचा?"

"हातमोजे घालून बाळाचे गाल कुरवाळणारे."

"आणि बोट कापलं तेव्हा माझ्याकडेच पिक मागितलं. मान खाली घालून."

"मग जमलं का, भावजी? घरी चकार शब्द काढत नाहीत."

"बोटांनी वाजवतो तेव्हा सूर सायीसारखा पसरतो. पिकने एकेक ठोका खिळ्यासारखा बसला. ड्रमच्या पेडलवरचा माझा पाय आपोआप त्याच्यामागे जात होता. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत बसलो."

"सांगितलंत त्यांना?"

"छे. आपलेच शब्द गिळायला लागतील त्याला. पट्टी आहे तोवर पिकला निमित्त तरी आहे."

दार उघडलं. नवरा बाहेर आला. बोटाला नवी कोरी पट्टी होती.

"काय म्हणाले हो डॉक्टर?"

"जखम भरली. आता पट्टीची गरज नाही म्हणाले."

"मग ही?"

"मीच बांधून घेतली. शनिवारी कार्यक्रम आहे ना."